साबुदाण्याएवढ्या गोळ्यांतले जिवाणू डिझेलने नासलेलं वावर सुधारतील का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतरांनाही संदर्भ लागेल. गंगापूर तालुक्यात रस्त्याकडेला तुमचं वावर आहे. दोन वर्षांपूर्वी तिथे डिझेलचा टँकर उलटला आणि 12 गुंठ्यांत तेल पसरलं. त्यानंतर सोयाबीन दोनदा पेरलं, पण तेवढ्या तुकड्यात ते उगवलं नाही. जे उगवलं ते पिवळं पडून गेलं. माती तपासली तेव्हा किलोमागे 10 ग्रॅम तेल निघालं. आता एक विक्रेता जिवाणू भरलेल्या गोळ्या घेऊन दारात आला आहे. 20 किलो गोळ्या टाका, 21 दिवसांत जमीन पहिल्यासारखी होईल, असं त्याचं म्हणणं. घ्यावं का?

आत्ता घेऊ नका. हे तंत्र खोटं नाही. मी स्वतः मातीतल्या जिवाणूंवर वीसेक वर्षं काम करतो, प्रयोगशाळेत अशा गोळ्या पाडल्या आहेत आणि मराठवाड्यातल्या काळ्या रानात टाकल्याही आहेत. त्या कुठे कामाला येतात आणि कुठे पैसे मातीत जातात हे डोळ्यांनी पाहिलं आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी हिशोब करू. 12 गुंठे म्हणजे साधारण 1,214 चौरस मीटर. तेल एक फूट खोल गेलं असं धरलं तर 364 घनमीटर माती झाली, वजनाने सुमारे 470 टन. चांगल्या गोळीत ग्रॅममागे 100 कोटी जिवंत जिवाणू असू शकतात. विक्रेत्याचा माल तेवढा चांगला आहे असं मानलं, तरी 20 किलो गोळ्यांतले सगळे जिवाणू 470 टनांत वाटल्यावर एका ग्रॅम मातीच्या वाट्याला 42 हजारांच्या आसपास येतात. तुमच्या मातीत ग्रॅममागे कोटीच्या घरात जिवाणू आधीच राहत आहेत. म्हणजे हजार रहिवाशांच्या गावात चार पाहुणे. बाहेरून जिवाणू घालून फरक पाडायचा तर ग्रॅममागे निदान 10 लाख तरी पोहोचले पाहिजेत, असा आम्ही अंदाज धरतो. त्या हिशोबाने टनामागे एक किलो, म्हणजे तुम्हाला 470 किलो गोळ्या लागतील. जिवाणू मातीत वाढतात हे खरं, पण वाढण्यासाठी आधी जगावं लागतं.

दुसरा हिशोब याहून महत्त्वाचा आहे. 470 टनांत किलोमागे 10 ग्रॅम म्हणजे तुमच्या रानात अजून 4.7 टन तेल आहे. जिवाणू ते जाळतात म्हणजे अक्षरशः श्वासाने जाळतात. एक किलो तेल पूर्ण पचवायला तीन किलोंहून जास्त ऑक्सिजन लागतो, म्हणजे सगळं मिळून पंधरा टन. ही हवा कोणतीही गोळी आणत नाही, ती फक्त मातीच्या पोकळ्यांतून येते. शिवाय त्या तेलात सुमारे 4 टन कार्बन आहे आणि नत्र जवळपास नाहीच. कार्बन, नत्र आणि स्फुरद यांचं 100 : 10 : 1 हे पुस्तकी प्रमाण धरलं तर 400 किलो नत्र, म्हणजे 870 किलो युरिया होतो. तेल खाणाऱ्या जिवाणूची अवस्था नुसती भाकरी समोर असलेल्या माणसासारखी असते. पोट भरायला काही आहे, पण अंग धरायला डाळ नाही. तुमचं सोयाबीन पिवळं पडलं त्याचं एक कारण हेच असावं. जिवाणूंनी मातीतलं होतं नव्हतं तेवढं नत्र ओढून घेतलं आणि पिकाला काही उरलं नाही.

पण म्हणून 870 किलो युरिया एकदम ओतू नका. आपल्या काळ्या जमिनीचा सामू (पीएच) आठच्या आसपास असतो. अशा मातीत एवढ्या युरियातून अमोनिया तयार होतो आणि जिवाणूच मरतात. गुंठ्याला एक किलो, म्हणजे एकरी एका गोणीच्या आतबाहेर, दर तीन आठवड्यांनी एक हप्ता आणि बाकी कुजलेलं शेणखत, असं मी देतो. पूर्ण 870 किलोंपर्यंत जायची गरजही पडत नाही. मेलेल्या जिवाणूंतलं नत्र पुढची पिढी वापरते.

आता गोळ्यांकडे येऊ. तपकिरी समुद्रशेवाळापासून सोडियम अल्जिनेट नावाची भुकटी मिळते. पाण्यात दोन-तीन टक्के विरघळवली की डिंकासारखं घट्ट द्रावण होतं. त्यात जिवाणू मिसळून कॅल्शियम क्लोराईडच्या पाण्यात थेंब थेंब सोडलं की प्रत्येक थेंब पडल्या जागी गोठतो. सोडियमची जागा कॅल्शियम घेतो आणि अल्जिनेटचे लांब धागे एकमेकांत अडकतात. अर्ध्या तासात भिजवलेल्या साबुदाण्यासारखे मणी तयार होतात. पहिल्यांदा पाहताना गंमत वाटते, मला अजूनही वाटते. पुढे ते ओले ठेवतात किंवा स्टार्च, बेंटोनाइट माती, दुधाची भुकटी असं काही घालून वाळवतात.

जिवाणू असे कोंडायचे कशाला? मोकळे जिवाणू पाण्यात कालवून शेतात सोडले की पहिल्या दोन आठवड्यांत त्यांची संख्या धाडकन खाली येते. कोरड पडते, उन्हाने माती तापते, तेलाचा मारा एकदम अंगावर येतो. त्यातच मातीतले एकपेशीय प्राणी या नव्या जिवाणूंना चरून खातात. आम्ही सुरुवातीला हे लक्षातच घेत नव्हतो. गोळीच्या जाळीत त्या प्राण्यांना शिरता येत नाही, पण पाणी, हवा आणि विरघळलेलं अन्न आत जातं. गोळी पाणी धरून ठेवते आणि विष आत हळूहळू झिरपतं, त्यामुळे जिवाणूंना सवय व्हायला वेळ मिळतो. गोळी म्हणजे रोपवाटिकेतली पिशवी समजा. रोप त्या पिशवीत जन्मभर राहत नाही, फक्त लावणीपर्यंत सांभाळलं जातं.

पण गोळीला स्वतःची दुखणी आहेत. मोठी गोळी हवा अडवते. ऑक्सिजन कवचाखाली केसाच्या एक-दोन जाडींइतकाच नीट पोहोचतो, मधले जिवाणू गुदमरतात. सुरुवातीच्या एका चाचणीत आम्ही चांगल्या चार-पाच मिलिमीटरच्या गोळ्या पाडल्या होत्या, दिसायला मोत्यासारख्या. महिन्याने कापून पाहिल्या तर कडेला दाट वाढ आणि आत काहीच नाही. तेव्हापासून दोन मिलिमीटरपेक्षा मोठी गोळी मी वापरत नाही.

दुसरी चूक अधिक महागात पडली. जालन्याकडे एका भंगाराच्या जागेवर काम चालू होतं. मजुरांचा एक फेरा वाचावा म्हणून मी गोळ्या आणि डीएपी हे स्फुरदाचं खत एकाच ड्रममध्ये भिजवायला सांगितलं. सकाळी झाकण उघडलं तर गोळी एकही नव्हती, नुसती गिळगिळीत लापशी. फॉस्फेटने गोळीतला कॅल्शियम ओढून घेतला आणि जाळी सुटली. हे रसायनशास्त्र मी मुलांना शिकवत होतो, तरी शेतात विसरलो. तेव्हा गोळ्या टाकणार असाल तर डीएपी किंवा कुठलंही विद्राव्य स्फुरद खत आधी देऊन मातीत मिसळा आणि निदान दहा-पंधरा दिवसांनी गोळ्या घाला. 

आपल्या मातीचा इथे एक फायदा आहे. काळी माती चुनखडीयुक्त, कॅल्शियमने भरलेली. अशा मातीत अल्जिनेटची गोळी लवकर विरत नाही, जिवाणू हळूहळू बाहेर पडतात. चोपण जमिनीत मात्र सोडियम जास्त असल्याने गोळी मऊ पडून लवकर फुटते. तुमच्या तुकड्यात कुठे पांढरट खारवट थर दिसत असेल तर तिथली माती वेगळी तपासा.

काळ्या मातीचा तोटाही तेवढाच मोठा. ओली झाली की फुगते, चिकट होते आणि पोकळ्या बंद. वाळली की हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि वरून फेकलेल्या गोळ्या सरळ भेगांत जातात, जिथे तेलही नाही आणि कामही नाही. म्हणून गोळ्या कधीही वरून फेकायच्या नाहीत. वापसा आला की पसरायच्या आणि लगेच वखराने चार-सहा इंच खाली मिसळायच्या. जिवाणूंना किती ओल हवी यासाठी आमच्याकडे जलधारणेच्या टक्क्यांत आकडे आहेत, पण तुम्हाला त्यांची गरज नाही. ज्या ओलीला तुम्ही पेरणी करता तीच ओल जिवाणूंना मानवते. मूठभर माती दाबली की गोळा व्हावा आणि सोडला की फुटावा. 

हंगामाचं बोलायचं तर एप्रिल-मे पूर्ण टाळा. आपल्याकडे हवेचं तापमान 42 अंशांवर गेलं की उघड्या काळ्या मातीचा वरचा थर 50 च्या पुढे तापतो आणि हे जिवाणू 25 ते 35 अंशांत सुखी असतात. भर पावसात केलं तर चिखलात हवा नाही, शिवाय तेल वाहून शेजाऱ्याच्या विहिरीत जायची भीती. पाऊस ओसरल्यापासून दिवाळीच्या पुढे थंडी वाढेपर्यंतचा काळ मला सगळ्यांत चांगला वाटतो. थंडीत काम मंदावतं, फेब्रुवारी-मार्चमध्ये पाणी देता येत असेल तर पुन्हा वेग घेतं. म्हणजे 21 दिवस हा आकडा सोडून द्या. तुमच्या तुकड्याला दोन हंगाम धरून चला. 

विक्रेते सांगत नाहीत अशी एक गोष्ट आता सांगतो. तुमचं तेल दोन वर्षं जुनं आहे. या दोन वर्षांत तेल खाऊ शकणारे जिवाणू तुमच्या मातीत आपोआप वाढलेले असणार. डिझेलमधले सरळ साखळीचे रेणू खाणारे जिवाणू जवळजवळ प्रत्येक मातीत थोडेफार असतातच. तुमच्याकडे बहुधा जिवाणूंची उणीव नाही, हवा आणि नत्राची आहे. 1989 मध्ये अलास्काच्या किनाऱ्यावर एक्सॉन वाल्डेझ जहाजातलं तेल सांडलं, तेव्हा तिथे मोठ्या प्रमाणावर खतं फवारली गेली आणि तिथल्याच जिवाणूंकडून काम करून घेतलं गेलं. जुन्या डिझेलच्या ठिकाणी माझाही अनुभव तसाच आहे. वखरणी, ओल, नत्र आणि भुसा दिला की गोळ्या घातलेला वाफा आणि न घातलेला वाफा यांत फरक शोधावा लागतो. 

मग गोळ्या कुठे लागतात? जिथे तेल ताजं आणि इतकं दाट आहे की स्थानिक जिवाणू दबले आहेत तिथे. जिथे विष असं आहे की ते पचवण्याची विद्या मोजक्याच जिवाणूंकडे आहे तिथे. लिंडेन किंवा पॅराथिऑन गटातल्या कीटकनाशकांचा किंवा ॲट्राझिनसारख्या तणनाशकाचा मोठा साठा एका जागी सांडलेला असेल, तर मातीतले जिवाणू ते पचवायला शिकतील याची वाट बघत बसता येत नाही. तिथे नेमका वाण आणून, जपून, गोळीतूनच द्यावा. आणि पाण्याचा ताण मोठा असेल तिथेही गोळी मोकळ्या जिवाणूंपेक्षा टिकते. आपल्या भागात हे कारण दुर्लक्षून चालणार नाही. पण वाहक म्हणून अल्जिनेटच हवं असं नाही. दिल्लीच्या टेरी संस्थेने तेलकट गाळासाठी तयार केलेल्या ऑइलझॅपर या जिवाणूसमूहाला मक्याच्या कणसाच्या बुरकुंडाची भुकटी वाहक म्हणून वापरली. तेलकंपन्यांच्या गाळावर ते वापरलं गेलं आहे. मका तर आपल्या गंगापूर-कन्नडकडे ढिगाने पिकतो. अल्जिनेट महाग आहे, बुरकुंड नाही.

काही गोष्टी कुठलाच जिवाणू करणार नाही, हेही इथेच सांगतो, कारण वाळूज, चिकलठाणा, जालना या कारखान्यांच्या पट्ट्यातून मला जे फोन येतात त्यांतले निम्मे याच गैरसमजाचे असतात. जिवाणू शिसं, कॅडमियम खाऊन संपवत नाहीत. धातू हे मूलद्रव्य, ते नाहीसं होत नाही. काही जिवाणू विषारी सहा-संयुजी क्रोमियमचं कमी विषारी तीन-संयुजी क्रोमियम करतात, हा मोठा उपयोग आहे, पण क्रोमियम मातीतच राहतं. तसंच मीठ. साखर कारखान्याच्या आसवनीतलं तांबडं पाणी शेतात शिरलं की त्यातला सेंद्रिय भाग जिवाणू पचवतात, पण क्षार जसेच्या तसे राहतात आणि निचरा नसलेल्या काळ्या रानात ते मुळांपाशीच साठतात. तिथे जिवाणूंच्या गोळ्या घेणं म्हणजे पैसे पाण्यात. आधी चर काढून निचरा, मग बाकीचं. तुमच्याकडे टँकर डिझेलचाच होता हे पंचनाम्यात नोंदलं असेल तर ठीक. नसेल तर एकदा धातूंची आणि विद्युतवाहकतेची, म्हणजे क्षारांची, तपासणी करून घ्या. 

आता तुम्ही काय करायचं ते. त्याच मातीच्या चार घमेल्या भरा, आधी नीट कालवून घ्या म्हणजे चारही सारख्या होतील. पहिलीत फक्त अधूनमधून पाणी. दुसरीत वापशाएवढी ओल, थोडं शेणखत, चिमूटभर युरिया, सोयाबीनचं भुसकट आणि आठवड्यातून दोनदा उलथापालथ. तिसरीत हे सगळं अधिक विक्रेत्याच्या गोळ्या. चौथीत तिसरीसारखंच सगळं, पण गोळ्या अर्धा तास उकळून मग घातलेल्या. ही चौथी घमेली लोक गाळतात आणि तिथेच फसतात. अल्जिनेट, स्टार्च, दुधाची भुकटी हेही जिवाणूंचं खाणंच आहे, त्यामुळे मेलेल्या जिवाणूंची गोळीसुद्धा थोडा फरक दाखवू शकते. घमेल्या सावलीत ठेवा. आठ आठवड्यांनी चारही नमुने मातीतल्या एकूण हायड्रोकार्बनसाठी, म्हणजे उरलेल्या तेलासाठी, तपासायला द्या. तिसरी घमेली दुसरी आणि चौथीपेक्षा स्पष्ट पुढे असेल तर गोळ्या घ्या. नसेल तर तेवढ्या पैशांत ट्रॅक्टर, शेणखत आणि भुसकट येईल.

विक्रेत्याला तीन गोष्टी लेखी मागा. पहिली, जिवाणूचं पूर्ण नाव, जातीसकट. नुसतं स्युडोमोनास चालणार नाही. स्युडोमोनास पुटिडा वेगळा आणि स्युडोमोनास एरुजिनोसा वेगळा. दुसरा तेल उत्तम पचवतो, पण जखमेत, कानात किंवा आजारी माणसाच्या फुप्फुसात संसर्ग करू शकतो. ज्या रानात मजूर उघड्या पायांनी, उघड्या हातांनी काम करतात तिथे मी तो कधीही टाकू देणार नाही. दुसरी, आजच्या तारखेला जिवंत जिवाणूंची संख्या किती. पत्र्याच्या गोदामात मे महिना काढलेल्या गोळ्या बहुतेक मेलेल्या असतात, पाकिटावर काहीही छापलेलं असो. सूक्ष्मजीवशास्त्राची कोणतीही बरी प्रयोगशाळा सोडियम सायट्रेटमध्ये गोळी विरघळवून हे मोजून देते. तिसरी, वाण नैसर्गिक आहे की जनुकबदल केलेला. आनंद चक्रवर्ती यांनी तेल पचवणारा स्युडोमोनास घडवला आणि 1980 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सजीवावर पेटंट मान्य केलं, ही गोष्ट विक्रेते मोठ्या अभिमानाने सांगतात. चक्रवर्ती आपले, बंगालचे, अभिमान मलाही आहे. पण जनुकबदल केलेला जिवाणू आपल्या देशात उघड्या रानात सोडायला 1989 च्या नियमांनुसार केंद्राची परवानगी लागते. ती नसेल तर जबाबदारी तुमच्याही गळ्यात पडू शकते.

आणि हे सगळं सुरू करण्यापूर्वी मातीचे नमुने तलाठ्यासमोर सीलबंद करून ठेवा. सुधारणा झाली की पुरावा गेला. अपघातातून झालेल्या प्रदूषणाची भरपाई आणि जमीन पूर्ववत करण्याचा खर्च राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे मागता येतो, त्यांचं पश्चिम खंडपीठ पुण्यात आहे. त्यासाठी मुदत पाच वर्षांची. तुमची दोन गेली आहेत. वकिलाशी या महिन्यातच बोला.

घमेल्यांचा निकाल येईपर्यंत त्या तुकड्याच्या चारही बाजूंनी बांध घाला, पावसाचं पाणी आत येऊ देऊ नका आणि आतलं बाहेर जाऊ देऊ नका. तिथला चारा जनावरांना घालू नका. विहीर उताराला असेल तर तिचं पाणी तपासा. पुढे तेल कमी होत गेलं की दर दोन महिन्यांनी एक साधी परीक्षा घ्या. त्या मातीत शंभर ज्वारीचे आणि बांधापलीकडच्या चांगल्या मातीत शंभर ज्वारीचे दाणे लावा आणि मोड मोजा. तेल कमी झाल्याचा अहवाल आला तरी शेवटचे जड, डांबरासारखे रेणू जिवाणू सहज खात नाहीत, ते मागे राहतात. दोन्हीकडे मोड सारखे येऊ लागले आणि रोपं तीन आठवडे हिरवी राहिली, की मग पेरणीचा विचार करा. पहिलं पीक खायचं घेऊ नका, अंबाडी किंवा ताग घ्या.

एक काम मात्र उद्याच करा. त्या तुकड्यात तीन ठिकाणी दोन-दोन फूट खोल खड्डे घ्या आणि दर सहा इंचांवरची माती हातात घेऊन वास घ्या. वरचा हिशोब मी एक फूट धरून केला आहे. तेल उन्हाळ्यात भेगांतून खाली गेलं असेल आणि दीड-दोन फुटांवरही डिझेलचा वास येत असेल, तर वखर तिथे पोहोचत नाही आणि हवाही नाही. मग ती माती वर काढून, भुसकट मिसळून, प्लास्टिकच्या कागदावर ढीग लावून आणि ढिगात भोकं पाडलेले पाइप घालून काम करावं लागतं. त्याचा खर्च, मापं आणि ढिगाची उंची हे सगळं वेगळं असतं. खड्ड्यांत काय निघालं ते कळवा, त्याप्रमाणे पुढचं सांगतो.